कुस्तीचा जीव घेतला तुझ्याच बिग डॅडीनं!

बोल्टन

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, वाचून जीव भांड्यात पडला. पण सक्तीच्या विश्रांतीत तुला आठवावं काय, तर टीव्हीवरचा तो इंग्लिश पैलवान, बिग डॅडी! ‘1988 साली आयटीव्ही वाहिनीच्या खेळांचा प्रमुख ग्रेग डाइकनं तिथली कुस्ती बंद करून पाप केलं’ असं तू तावातावानं लिहिलंयस. डाइकनं फक्त तिरडी बांधली रे. कुस्तीचा जीव आधीच गेला होता, आणि तो घेतला तुझ्या लाडक्या डॅडीनं. चिडू नकोस, पुढं वाच.

आपण इथं बोल्टनला भाड्यानं राहायचो तेव्हाचे शनिवार आठव. चार वाजले की आयटीव्हीच्या ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ कार्यक्रमात कुस्तीचा समालोचक केंट वॉल्टनचा तो मऊ आवाज, आणि फुटबॉलचे निकाल सुरू होईपर्यंत घरात कुणी हलायचं नाही. आपली म्हातारी घरमालकीण एरवी चर्चला जाणारी, सोज्वळ बाई. पण खलनायकी पैलवान मिक मॅक्मॅनस दिसला की तिच्या अंगात यायचं. काळी चड्डी, काळे कुळकुळीत केस, पंचाची पाठ फिरली की कोपर मारणार आणि स्वतःच्या कानाला कुणी हात लावला की बोंबलणार. एकदा तिनं पायातली सपाता काढून टीव्हीवर भिरकावली होती. हॉलमध्ये तर पुढच्या रांगेतल्या आज्या दोरापाशी आलेल्या खलनायकाला पर्सनं बडवायच्या. आणि गंमत बघ, हा मॅक्मॅनस कुस्त्या भरवणाऱ्या डेल मार्टिन कंपनीत जोड लावायचं कामही करायचा. म्हणजे कुणाची कुणाशी लढत हे ठरवणारा हाच, मग हरणार कशाला?

नुरा कुस्ती होती, निकाल आधीच ठरलेला असायचा, हे मला सांगू नकोस. कोल्हापूरच्या खासबागेत ज्याचं लहानपण गेलं त्याला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. पैलवान जॅकी पालोनं 1985 साली पुस्तक लिहून सगळं फोडलं, तेव्हा इथल्या लोकांना धक्का बसला. मला कुतूहल वेगळंच होतं. ठरवून का होईना, पण ही माणसं जे करतात ते येतं कुठून?

त्याचं उत्तर आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर होतं, विगनला. बिली रायलीची तालीम, ‘स्नेक पिट’. पत्र्याच्या छपराखालची जागा, खाणीत काम करणारी पोरं, आणि वर्षानुवर्षं एकच डाव घोटून घेणारा वस्ताद. तिथं नाटक नव्हतं. हात अडकला की सोडवायचा, नाहीतर हार कबूल करायची. मँचेस्टरचा बिली रॉबिन्सन तिथलाच. कार्ल गॉचही तिथंच घडला. हा मूळचा बेल्जियमचा, 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लढलेला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा सहावे आले होते. पुढं या दोघांनी विगनची विद्या जपानला नेली आणि तिथं गॉचला लोक देव मानायला लागले. विगनमध्ये मात्र त्याचं नाव किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

म्हणून मला आवडायची ती हलक्या वजनाची माणसं. 1947 साली लॉर्ड माउंटएव्हन्सच्या नावानं नियम झाले, वजनाचे सात गट पडले, आणि त्यामुळे दहा-अकरा स्टोनच्या, म्हणजे पासष्ट-सत्तर किलोंच्या गड्यालाही स्वतःचा अजिंक्यपदाचा पट्टा मिळाला. राउंडवर राउंड, दोन चीत किंवा दोन वेळा हार कबूल, नाहीतर नॉकआउट. पंचानं ताकीद दिली की हॉलभर हुर्यो. या चौकटीत जॉनी सेंटनं काय काय केलं! तो डाव आठवतो का? रिंगच्या मधोमध अंगाचं मुटकुळं करून बसायचा, डोकं गुडघ्यात, आणि एक हात तेवढा बाहेर. समोरचा भोवती फिरतोय, कुठून उचलावं कळत नाही, लोक हसतायत. शेवटी तो हात धरायचा, आणि पुढच्या क्षणी स्वतःच उलटा होऊन पाठीवर! उठल्यावर दोघं हात मिळवायचे, टाळ्या पडायच्या. ब्रॅडफर्डचा जिम ब्रेक्स असला की टाळ्या नाहीत, तो लहान पोरासारखा पाय आपटून रडायचा. पण त्यानं एकदा दंड पिरगळून धरला की भलाभला गडी हार कबूल करायचा. शिवाय आपल्या बोल्टनचे रॉयल भाऊ होतेच, बर्ट आणि विक.

आता तुझा डॅडी. हॅलिफॅक्सचा शर्ली क्रॅबट्री. माणूस वाईट नव्हता, मुलांवर जीव होता त्याचा. बायकोनं सोफ्याच्या कापडातून पोशाख शिवून दिला होता म्हणे, ते मला फार आवडतं. पण 1975 पासून जोड लावायची सूत्रं भाऊ मॅक्सकडं आली आणि एकच साचा सुरू झाला. दोघा-दोघांची लढत. डॅडीचा जोडीदार एखादा चुणचुणीत तरुण, तो बिचारा सगळा वेळ मार खाणार. मग टाळी देऊन डॅडीला आत बोलावणार, पोटाचा एक धक्का, लोकांचं ‘ईझी, ईझी’ ओरडणं, संपलं. 1981 साली लंडनच्या वेम्बलीला महाकाय जायंट हेस्टॅक्सबरोबरची ती गाजलेली लढत तीन मिनिटंही चालली नाही. तुझ्या आनंदाला तेव्हा पारावार नव्हता. मी मात्र शेजारी बसून चरफडत होतो.

आणि मार खाणारी ती पोरं कोण होती? डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ. दोघंही इथंच, लँकेशरात वाढलेले. आधी एक कॅनडाला गेला, मागोमाग दुसरा, आणि अमेरिकेनं त्यांना डोक्यावर घेतलं. पैलवान एड्रियन स्ट्रीटही गेला. उरलेल्यांपैकी बरेच स्वतंत्रपणे कुस्त्या भरवणाऱ्या ब्रायन डिक्सनकडं वळले. 1985 साली ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ संपलं, कुस्तीची वेळ इकडून तिकडं हलली आणि घरमालकिणीसारखी माणसं पांगली. 1987च्या ऑगस्टमध्ये ग्रेट यार्मथला डॅडीनं अंगावर झेप घेतल्यावर समोरचा पैलवान मॅल कर्क रिंगमध्येच कोसळला आणि गेला. त्याला हृदयाचा आजार होता, डॅडीवर ठपका आला नाही. पण डॅडी आतून पार मोडला. त्या वेळी मलाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं, हे लिहून ठेव.

मागच्या महिन्यात इथल्या पबमध्ये जुने शौकीन जमले होते. सगळे सत्तरीपलीकडचे, निम्म्यांच्या कानात यंत्र. एकानं क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समधल्या कुस्त्यांचे कार्यक्रमपत्रक आणले होते, दुसरा मुखवटाधारी पैलवान केंडो नागासाकीनं 1977 साली वुल्व्हरहॅम्प्टनला मुखवटा काढला तेव्हा हॉलमध्ये होता आणि ते तो कुणालाही विसरू देत नाही. डॅडीचा विषय निघाला आणि टेबलाचे दोन तट पडले. तुझ्या बाजूनं बोलणारे जास्त निघाले, म्हणून तुझी फार आठवण आली. ते सगळे तुझ्याइतकेच हट्टी आहेत.

उन्हाळ्यात ये. विगनला स्नेक पिटच्या नावानं आजही तालीम चालते, पोरंपोरी शिकतात. तुला घेऊन जाईन. जिना चढण्याएवढा गुडघा झाला की तारीख कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि मागच्या वेळचा तो कांदा-लसूण मसाला संपलाय, तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
मधू