माझा बोर्ड घेऊन ये

सांगली,
११ जानेवारी

प्रिय नीलू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घाटावर होते. हात निळ्या रंगानं माखलेले, फोन खांद्यानं कानाशी धरलेला, म्हणून तुटक बोलले. रागावू नकोस. "चार दिवस चित्रं काढायला जाणार म्हणजे नक्की करणार काय गं?" असं तू विचारलंस आणि मला धड सांगता येईना. म्हणून हे पत्र. तुझ्याकडे एक कामही आहे, पण ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तेवढंच वाचून पत्र मिटशील, तुला ओळखते मी.

तर वाईला निसर्गचित्रणाचं चार दिवसांचं शिबिर आहे, २५ तारखेपासून. पहिले दोन दिवस वाईचे घाट, तिसऱ्या दिवशी मेणवली, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कुठंही बसा आणि संध्याकाळी सगळ्यांची चित्रं मांडायची. पहिल्या सकाळी आपापले कोरे कागद घेऊन जायचं, ते मागच्या बाजूनं शिक्का मारून देतात. शिक्क्याच्या कागदावरचंच चित्र प्रदर्शनात लागणार. घरून काढून आणलेलं चालत नाही. हे शिक्क्याचं वाचलं आणि पोटात गोळा आला, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपराला आला होता ना, अगदी तसाच.

रविवारच्या क्लासात सहा वर्षं रंगवतेय हे खरं, पण ते फोटोवरून. फोटोतली सावली जागची हलत नाही. फोटोत वारा नसतो, माश्या नसतात, मागं उभं राहून "काकू, हे काय आहे?" विचारणारं पोरगं नसतं. म्हणून डिसेंबरात ठरवलं, आधी इथंच रंगीत तालीम करायची. सलग तीन दिवस, सकाळी एक आणि संध्याकाळी एक चित्र, आयर्विन पुलाखालच्या घाटावर. कृष्णा तीच की. वाईहून वाहत इथंच येते, तेव्हा म्हटलं आधी माहेरच्या पाण्यावर हात बसू दे.

पहिल्या दिवसाचं ऐकून हसशील. फोल्डिंगचं स्टूल, इझल म्हणजे चित्राची घोडी, रंग, अठरा ब्रश, सगळं घेऊन पायऱ्या उतरले आणि बसल्यावर कळलं, पाण्याचं भांडं घरीच राहिलं. समोर अख्खी नदी आणि माझ्याकडं ब्रश बुडवायला वाटी नाही! कपडे धुवायला आलेल्या एका बाईंनी साबणाच्या वडीचा प्लॅस्टिकचा डबा धुऊन दिला. त्यात साबण राहिला असणार, आकाशात बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवशी छत्रीनं घात केला. ऊन थेट कागदावर पडलं की डोळे दिपतात, रंग आहे त्यापेक्षा उजळ दिसतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. एवढं मला क्लासात शिकवलं होतं, म्हणून छत्री नेली. नेली ती सूनबाईची लाल. त्या लाल उजेडात कागद गुलाबी दिसत होता आणि तो गुलाबीपणा मारायला मी निळा ओतत राहिले. घरी येऊन ट्यूबलाइटखाली बघते तर पूल, पाणी, झाडं सगळ्यांना हुडहुडी भरलेली. आता ह्यांची जुनी काळी छत्री घेतलीय. दांडा इझलला बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ठेवलीय, सुतळीपेक्षा घट्ट बसते.

तिसरी चूक भडंगाची. भूक लागली, चार बकाणे मारले, हात ओढणीला पुसले आणि नवा कागद लावला. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला तर मधोमध दोन ठिकाणी रंग धरेचना. बोटांचे तेलकट ठसे! पाणी तिथून बाजूला सरकत होतं, अळवाच्या पानावरून सरकतं तसं. त्या दोन पांढऱ्या डागांचे मी पक्षी करून टाकले. क्लासातल्या कुणी विचारलं तर बगळे म्हणायचं. वाईला मात्र खाणं वेगळ्या पिशवीत आणि ओला रुमाल सोबत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी कोरडी, आणि भडंग फक्त चित्र संपल्यावर.

पण खरा त्रास ह्यातला एकही नव्हता. खरा त्रास सावलीचा. पहिल्या सकाळी पुलाच्या कमानींची सावली पाण्यावर लांब, तिरकी पडलेली. मी ड्रॉइंग केलं, आकाश केलं, पूल केला, आणि सावलीला हात घालेपर्यंत ती आखडून कमानीखाली गेली होती. मग मी ती नव्यानं काढली. मग ती अजून सरकली. शेवटी चित्रात आठ वाजताचा उजेड आणि अकराची सावली. माझ्या मागं एक आजोबा केव्हापासून उभे होते, पंचा खांद्यावर, आंघोळ करून आलेले. म्हणाले, "बाई, तुमच्या चित्रात दोन सूर्य हायत." इतकं नेमकं सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

क्लासातल्या सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं बांधून टाकायच्या. मग सूर्य कुठं का जाईना, आपण त्या कडेला इमान राखायचं. दोन तासांच्या वर एका चित्रावर बसायचं नाही. राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला यायचं. तो फ्रेंच चित्रकार मोने गवताच्या गंजी रंगवताना बरेच कॅनव्हास जवळ ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, त्यातली गोम मला आत्ता कळली. मग मी वहीत आखून ठेवलंय. ढोल्या गणपतीचा घाट पहिल्या दोन्ही सकाळी, एकच चित्र, आठ ते दहा. म्हणजे पहिल्या दिवशी अर्धं राहिलं तरी जीव जायला नको. मेणवलीला एकच दिवस, तिथं दोन चित्रं. दुपारी काही नाही. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, सावल्या पायाशी गोळा होतात, सगळं सपाट दिसतं. तेव्हा झोपायचं. वयाला शोभेल असं एवढं एकच काम आहे त्या यादीत.

ढोल्या गणपतीचं देऊळ मी डिसेंबरात एकदा जाऊन बघून आले. त्याची मागची भिंत तू नीट बघितलीस का कधी? साताऱ्यात राहून बघितली नसशील. माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी आलं की दोन्ही बाजूंनी कापलं जावं म्हणून. १७६२ साली रास्त्यांनी देऊळ बांधलं, म्हणजे तेव्हाच्या माणसानं नदीचा स्वभाव ओळखून भिंत घडवली. आणि आम्ही सगळे जण समोरून शिखर काढणार! मी ठरवलंय, मागून बसायचं. चित्र कदाचित चांगलं होणार नाही, पण ती भिंत काढायचीच.

दगड मात्र मला अजून जमत नाही. घाटाचा दगड काळा, म्हणून आधी मी ट्यूबमधला काळा लावायचे, तर पायरीऐवजी भोक पडल्यासारखं दिसायचं. आता अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळते. निळा जरा जास्त झाला की सकाळचा गार दगड, तांबडा जास्त झाला की तापलेला. त्या दोन ट्यूबांवर निम्मं वाई निघेल असं वाटतंय. बाकी यलो ओकर, लेमन यलो, क्रिमसन, सेरुलियन. बस्स, सहा. अठरा ब्रशांतले चार ठेवले. मोठा मॉप, एक चपटा, बारा नंबरचा गोल आणि दोऱ्यासारख्या बारीक रेषांसाठी रिगर. हे सगळं भरून पिशवी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली होती, आधी साडेनऊ किलो भरली. आता साडेपाच. वाईच्या पायऱ्या उतरताना गुडघे ह्या चार किलोंसाठी मला दुवा देतील.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घेतलाय. पातळ कागद ओला झाला की पापडासारखा फुगतो आणि त्याच्या खड्ड्यात रंग साचतो. मोठ्या शीटचे चार तुकडे केले की ११ बाय १५ इंच होतात, तेवढाच आकार सगळ्यांना. त्याच मापाचे माउंट, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीही इथूनच कापून नेतेय. तिकडे ऐनवेळी माउंटसाठी धावाधाव होते असं आधी जाऊन आलेल्या एकीनं सांगितलं. तिनंच आणखी एक सांगितलं, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. घाटावर बायकांची सोय कुठं आहे ते पहिल्या दिवशीच हुडकून ठेवायचं. पुरुष चित्रकार सकाळी सातला बसतात ते बाराला उठतात आणि त्यांना कौतुक वाटतं स्वतःच्या एकाग्रतेचं. आम्ही पाणी पीत नाही म्हणून एकाग्र! मी देवळाजवळच्या एका घरातल्या काकूंशी आत्ताच ओळख काढून ठेवलीय. त्यांना तिळाचे लाडू नेणार.

थंडीचं वेगळंच. सांगलीत वॉश दिला की दहा मिनिटांत कोरडा. वाई डोंगरांच्या कुशीत, सकाळी धुकं, हवेत ओल. मी गेले होते तेव्हा आकाशाचा वॉश अर्धा तास ओलाच, आणि मला धीर कुठला? ओल्यावरच डोंगर लावला, पांडवगड ढगात विरघळला. खरं सांगू, त्या चित्रातलं तेवढंच बरं आहे. आता त्या अर्ध्या तासात काय करायचं तेही ठरवून ठेवलंय. चहा.

नववर्षाच्या पहिल्या रविवारी कोल्हापूरला गेले होते, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये, कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान ह्यांची चित्रं बघायला. रंकाळा, कोटितीर्थ ह्या त्यांच्या रोजच्या जागा. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. मी त्या शांत चित्रांसमोर उभी राहिले आणि मला सारखं ते पाणीच दिसत होतं. परत येताना एसटीत मनाशी म्हटलं, मंगल, तू एक भडंगाचा डाग झाला तर चार दिवस हळहळतेस.

मागं उभं राहणाऱ्यांची भीती मात्र गेली नाही. अंग चोरतंच. आजोबा रोज येतात आता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुलाच्या कमानी बोटानं मोजल्या, मग माझ्या चित्रातल्या मोजल्या, एक कमी भरली. मी म्हटलं, "अहो, कागद संपला." ते म्हणाले, "मग पूल पडंल की." वाईला असे आजोबा पन्नास असतील, शिवाय शिबिराचे चाळीस चित्रकार, त्यातले निम्मे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचे. घरी ह्यांना विचारलं, हसतील का हो मला? तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, हसले तर त्यांचं चित्र बिघडेल. हा माणूस तीस वर्षांत एकदा उपयोगाचं बोलला.

आता काम. १९८६ साली इंटरमिजिएटच्या आधी तू माझा लाकडी ड्रॉइंग बोर्ड नेला होतास. सागवानाचा, एका कोपऱ्यात ब्लेडनं 'मं' कोरलेला. परत दिला नाहीस, आणि मीही मागितला नाही, कारण तुझी स्टीलची कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी तुझ्याकडे आले तेव्हा तो बोर्ड गॅसच्या शेगडीमागं भिंतीला टेकवलेला दिसला, फोडणीचे शिंतोडे अडवायला. मी बोलले नाही, पण बघितला. इथं प्लायवूडचा घेतला तो तीन दिवसांत ओल्या कागदाबरोबर वाकला. तोच पाहिजे मला. तेलकट झाला असेल, तर सोड्याच्या गरम पाण्यानं पूस आणि दोन दिवस उन्हात ठेव. आधी सांगितलंय ना, तेलाचं आणि माझं सध्या वाकडं आहे.

साताऱ्याहून वाई तासाभराची वाट. २५ ला सकाळी आठच्या आत ये, मी देवळाच्या मागच्या बाजूला असेन, काळी छत्री बघ. कंपासपेटी घेऊन येते. त्यातला कर्कटक हरवलाय, ते आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
मंगल