अ‍ॅसिडिटीची गोळी आणि बी-१२

महोदय,
दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत सकाळच्या चहाआधी पॅन्टोप्राझोलची गोळी घेणं अंगवळणी पडलं आहे. काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालते. जुनी चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. तेच या गोळीनं दाबून ठेवलं की शरीरातला साठा हळूहळू आटतो. त्यात शाकाहार आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर धोका आणखी वाढतो.

माझ्या सासूबाईंच्या तळपायांना मुंग्या येत, पायातली चप्पल निसटलेली कळत नसे. वयामुळे असेल, असंच सगळे म्हणत. तपासणीत बी-१२ फारच कमी निघालं.

गोळी मनानं बंद करू नये, काहींना ती खरोखर लागते. पण वयस्कर रुग्णाला ती पुन्हा लिहून देताना डॉक्टरांनी बी-१२ची तपासणी सांगायलाच हवी.

– एक वाचक, वडोदरा