आधी श्वास सोडायला लावणाऱ्या आशाताईंना

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

गोदाकाठच्या तुमच्या गावातून मानसोपचार ओपीडीला येणाऱ्या पेशंटच्या हातात तुमची, म्हणजे गावच्या आशा सेविकेची, चिठ्ठी असते. वहीचं अर्धं पान, त्यावर तीन ओळी: "श्वास मिनिटाला 32, ऑक्सिजन 99, नाडी 118. ओठाभोवती मुंग्या, दोन्ही हातांची बोटं वाकडी. फवारणी नाही, साप-किडा नाही, 20 मिनिटांत उतरलं." एवढ्यानं तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. त्या चिठ्ठ्यांबद्दल, आणि त्या लिहिण्याआधी त्या घरात तुम्ही जे करता त्याबद्दल, आम्ही समुपदेशक, नर्स आणि डॉक्टर तुमचे मनापासून आभार मानतो.

"दम घेता येईना गेलंय, जीव चालला" असं कानावर आलं की अर्धी गल्ली घरात शिरते. कुणी नाकाला कांदा लावतं, कुणी बाहेरचं आहे म्हणतं, कुणी धापा टाकणाऱ्या बाईच्या तोंडात पाणी ओततं आणि तिला ठसका लागतो. शहाणी माणसं सांगतात, "मोठ्ठा श्वास घे." सगळ्यात जास्त नडतो तो हाच सल्ला. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळणाऱ्या जबर घबराटीत, श्वास कमी पडत नसतो, तो गरजेपेक्षा जास्त होत असतो. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. घाबरल्यावर हा आकडा 30 च्या पुढं जाऊ शकतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताचा आम्लपणा घटतो, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. ऑक्सिजन मात्र भरपूर असतो. तरी हवा पुरत नाही असंच वाटत राहतं, माणूस आणखी जोरात ओढतो आणि त्रास वाढतो. अशा वेळी "मोठा श्वास घे" म्हणणं म्हणजे पेटलेल्या चुलीत आणखी पऱ्हाट्या सारणं.

तुम्ही आधी माणसं बाहेर काढता, एकच जवळचं माणूस ठेवता. बाईला आडवं न करता भिंतीला टेकवून बसवता, पाय जमिनीला टेकलेले, पदर सैल. मग म्हणता, "आधी सोडा. फुंकर घालून सगळा श्वास सोडा." सोडला की पुढचा आपोआप येतोच. नाकानं हळू आत, चारपर्यंत मोजून. ओठांचा चंबू करून बाहेर, सहापर्यंत मोजून. चार जमत नसेल तर आत दोन, बाहेर तीन. एक हात पोटावर, तो हलला पाहिजे. खांदे वर चढता कामा नयेत. इथं एक बारकी गोष्ट बहुतेकांची चुकते, तुमची चुकत नाही: गती कमी करताना लोक श्वास मोठा करतात, त्यामुळं चक्कर वाढते. श्वास हळू हवा तसा हलकाही हवा.

"काही झालं नाही तुला" हे तुम्ही कधी म्हणत नाही, याचं आम्हाला विशेष वाटतं. तिला खरोखर मरण समोर दिसत असतं. "लई भ्या वाटायलंय ना, मी बसलेय इथंच, हे उतरणार हाय," एवढंच तुम्ही सांगता आणि ते खरंही असतं. अटॅक साधारण 10 मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायची जुनी रीतही तुम्ही बंद पाडलीत. तो खरंच दमा किंवा हार्ट अटॅक असेल तर पिशवीनं ऑक्सिजन घसरतो आणि जीवावर बेततं.

पण सगळ्यात मोठे आभार आहेत ते घाईनं "टेन्शन आहे" न म्हणण्याबद्दल. पहिल्यांदाच असा त्रास झालेल्या माणसाला तुम्ही दवाखान्यात पाठवताच. सोयाबीन-कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस धापा टाकत असेल तर तुम्ही आधी त्याची बुबुळं बघता: बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, म्हणजे विषबाधा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात दुखून दम लागला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर मण्यार साप चावलेला. तिच्या चाव्याची खूण कित्येकदा दिसतही नाही. छातीतली कळ हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, वय चाळिशीपुढं, शुगर-बीपी असेल, तर आधी ईसीजी. एकाच बाजूचा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं बोबडं झालेलं, तर लकवा; घाबरण्यानं बहुधा दोन्ही हात आखडतात. छातीत शिट्टी वाजत असेल किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली असेल तर श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून 108. आणि ऑक्सिमीटर लावण्याआधी नखाचं पॉलिश पुसणं, गार बोट चोळून गरम करणं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबणं, हेही तुम्ही न विसरता करता.

अटॅक उतरल्यावरचं काम कुणाला दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, बरं वाटत असतानाच, श्वासाचा सराव तुम्ही करून घेता, कारण ऐन अटॅकमध्ये नवं काही शिकता येत नाही. पुन्हा होईल या धास्तीनं बाई बाजार, एसटी, लग्नकार्य टाळायला लागते आणि खरा आजार तिथं मुरतो; तुम्ही तिला आधी वेशीपर्यंत, मग स्टँडपर्यंत नेता. समुपदेशनात आम्ही हेच करतो. डॉक्टरनं एसएसआरआय गटातली (घबराट आणि नैराश्यावरची, रोज घ्यायची) गोळी दिली तर पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढू शकते, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळातच लोक गोळी टाकून देतात. तुम्ही आठव्या-दहाव्या दिवशी दारात उभ्या राहता, म्हणून तुमच्या गावातले पेशंट टिकतात.

एक विनंती. चिठ्ठीत आणखी एक ओळ वाढवाल का? मेडिकलवरून परस्पर घेतलेली अल्प्राझोलमसारखी झोपेची किंवा "टेन्शनची" गोळी किती दिवस चालू आहे, आणि दिवसाला चहा, तंबाखू, दारू किती. या गोळीची सवय लागते. ती एकदम बंद केली तर घबराट उलटते, झटकेही येऊ शकतात, म्हणून डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि ते आम्हाला आधीच कळलेलं बरं. रात्री-अपरात्री एकट्यानं अडलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत चालू असतो, मराठीत बोलता येतं. पेशंटप्रमाणे तुम्हालाही तिथं विचारता येईल.

तुमचे,
मानसोपचार ओपीडीतले समुपदेशक, नर्स आणि डॉक्टर