खोक्यावर ‘स्टिरिओ लाइन-इन’, आत एकाच चॅनलचा माइक

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : यूएसबी साउंड कार्डाबाबत चुकीची माहिती, पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी नौपाडा, ठाणे येथे राहते. गेल्या महिन्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानातून आपले साउंड कार्ड, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये भरून घेण्याचे उपकरण, १,६५० रुपयांना घेतले. पावती सोबत जोडली आहे. खोक्यावर ‘स्टिरिओ लाइन-इन’ असे ठळक छापले आहे आणि ते वाचूनच मी ते घेतले. माझ्या लॅपटॉपला जुन्या डेस्कटॉपसारखे निळे लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या उपकरणातला डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल आत घेणारे छिद्र, नाही.

घरात वडिलांच्या भजनाच्या अकरा कॅसेट आहेत. गणपतीत कॅसेट डेकला दोन माइक लावून भरलेल्या, एकेका चॅनलला एक. एका माइकसमोर बाबा आणि पखवाज, दुसऱ्यासमोर आई, पेटी आणि टाळ. दोघेही आता नाहीत. डेकमधून संगणकात भरून घेतले तेव्हा बाबा स्वच्छ आले, पण आई शेजारच्या घरात बसून गात असल्यासारखी लांबून. हेडफोन थेट डेकला लावला की दोघेही शेजारी बसलेले ऐकू येतात. मग डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना उलट करून पाहिल्या. आई जवळ आली, बाबा लांब गेले. म्हणजे कार्ड दोनपैकी एकच चॅनल घेते.

आपल्या प्रतिनिधीने तीन वेळा ‘सेटिंग तपासा’ एवढेच सांगितले. सगळे तपासले आहे. विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी दिली, साउंडच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये तुमचे कार्ड डिफॉल्ट केले, एन्हान्समेंट बंद केल्या, माइक बूस्ट शून्यावर आणला. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये फॉरमॅटची यादी उघडली तर तिथे फक्त ‘१ चॅनल’चे पर्याय आहेत, २ चॅनलचा एकही नाही. ऑडॅसिटी या आवाज भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या-उजव्या चॅनलच्या दोन्ही पट्ट्या हलतात म्हणून ते स्टिरिओच, असे मला ऐकवले गेले. एकच आवाज दोन्हीकडे उमटला तरी पट्ट्या दोन्ही हलतातच, हे ध्वनीची उपकरणे विकणाऱ्यांना मी सांगावे लागते याचे वाईट वाटते.

दुसरे म्हणजे, रेकॉर्डिंगची लेव्हल १०० पैकी ५ वर आणूनही पखवाजाच्या थापेला आवाज फाटतो आणि लहरींची टोके कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतात. डेकचा लाइन सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांचा असतो, माइकचा काही मिलिव्होल्टचा. डेकचा एवढा मोठा सिग्नल फाटतो, म्हणजे या कार्डात माइकचेच इनपुट आहे, लाइन-इन नाही.

या खटपटीत एक ९० मिनिटांची कॅसेट मी सात-आठ वेळा वाजवली. जुनी टेप आहे, प्रत्येक फेरीला झिजते. शेवटच्या वेळी बी बाजू डेकमध्ये अडकली आणि फीत चुरगळली. ती पेन्सिलने गुंडाळून घेतली, पण तेवढ्या जागी आवाज आता कायमचा डुलतो. त्याची भरपाई तुम्ही करू शकणार नाही, मीही मागत नाही.

मागणी एवढीच की १,६५० रुपये १५ दिवसांत परत करावेत, कार्ड नेण्याचा कुरिअर खर्च आपण करावा आणि खोक्यावरचे ‘स्टिरिओ लाइन-इन’ हे शब्द काढावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. पिना उलट-सुलट करून भरलेल्या दोन्ही ऑडिओ फाइली आणि फॉरमॅटच्या यादीचा फोटो ईमेलने पाठवला आहे. उत्तर देण्यापूर्वी त्या हेडफोन लावून ऐकाव्यात, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (प.)