पोरांना घरच्यांचीच भीती का वाटते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली कुठल्याही पालकसभेत सोशल मीडियाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पोरांच्या मोबाईलवर लक्ष ठेवायला कुठलं ॲप टाकायचं? आणि कोणी लैंगिक शिक्षणाचं नाव काढलं की सगळे गप्प. सिंहगड रोडला आमचं मेडिकल आहे, मला स्वतःला दोन मुलं आहेत, आणि काउंटरच्या या बाजूला उभं राहून जे दिसतं ते इतर आईबापांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहितेय.

मध्यंतरी ओळखीतला एक दहावीचा मुलगा दुकानात आला, हातात पाचशेच्या नोटा, म्हणाला काकू मी तुम्हाला कॅश देतो, तुम्ही या नंबरवर जीपे कराल का. कोणाला पाठवायचेत विचारलं तर आधी क्लासची फी म्हणाला, मग मित्राचे उसने म्हणाला आणि मग रडायलाच लागला. इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली होती, थोड्याच दिवसांत व्हिडिओ कॉल, तिकडून नको ते सुरू झालं, यालाही करायला लावलं, ते रेकॉर्ड केलं आणि पाठोपाठ याच्याच फॉलोअर्सच्या लिस्टचा स्क्रीनशॉट, पैसे टाक नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. आधी एकदा त्यानं पैसे दिलेही होते. मी म्हटलं चल, आईला फोन लावू, तर माझा हात घट्ट धरून म्हणाला, "काकू प्लीज, आईला नको, ती मारून टाकेल मला." त्याची आई चांगली बाई आहे हो, जीव टाकते पोरावर. पण त्या क्षणी त्याला ब्लॅकमेल करणाऱ्यापेक्षा आईची भीती जास्त होती.

या लोकांचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो. पोरगं घरी सांगणार नाही याची त्यांना खात्री असते. ज्या दिवशी ते सांगतं त्या दिवशी अर्धा धाक तिथेच संपतो. म्हणून जे करायचं ते सगळ्या पालकांनी माहीत करून ठेवा, पुढे एक रुपयाही द्यायचा नाही, चॅट डिलीट करायचं नाही, नंबर आणि अकाउंटचे स्क्रीनशॉट काढायचे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो-व्हिडिओ पसरू नयेत म्हणून टेक इट डाऊन नावाची मोफत सोय आहे, त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल कोड तयार होतो आणि तो वापरून इन्स्टाग्राम, फेसबुक वगैरे कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. आणि मुलगा असो की मुलगी, सगळ्यात आधी १०९८, मुलांसाठीची हेल्पलाईन.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. इमर्जन्सी पिल, म्हणजे संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी, मागायला येणारी बरीचशी पोरं कॉलेजची, पाठीला सॅक, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की बाहेरच घुटमळणार. त्यांना विचारलं की कळतं, सगळी माहिती रीलमधून आलेली आहे. कोणी म्हणतं पपई खाल्ली की झालं, कोणाला वाटतं ही गोळी घेतली की महिनाभर टेन्शन नाही. ही गोळी संबंधांनंतर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी, ती पुढच्या वेळेसाठी चालत नाही, एचआयव्ही किंवा इतर गुप्तरोगांपासून तर अजिबात वाचवत नाही, ते काम कंडोमचं, हे त्यांना घरी नाही, शाळेत नाही, कुठेच कोणी सांगितलेलं नसतं. वयानं लहान वाटलं तर मी डॉक्टरकडेच पाठवते, पण ती जात नाहीत, कारण परत तेच, घरी कळेल.

कायदाही कोणी समजावून सांगत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ पासून लागू आहे आणि त्यात १८ च्या आतल्या मुलीची किंवा मुलाची संमती धरलीच जात नाही. म्हणजे दोघं सतरा वर्षांचे, दोघांचं एकमेकांवर प्रेम, तरी तक्रार झाली की मुलगा येरवड्याला बाल न्याय मंडळासमोर उभा. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो ग्रुपवर फॉरवर्ड केला तर आयटी ॲक्टखाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे त्या ग्रुपमधल्या किती पोरांना माहीत असेल? आणि १८ च्या आतल्या मुलीवर गर्भपाताची वेळ आलीच तर मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास पॉक्सोखाली पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये दिलीय. हे माहीत नसल्यामुळे घाबरलेली घरं भलत्याच माणसाकडे जातात, आणि तिथे मुलीच्या जिवावर बेतू शकतं.

मोबाईल काढून घ्या म्हणणं सोपं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपणच तो त्यांच्या हातात दिला, आता क्लासच्या नोट्स टेलिग्रामवर, टेस्टचं टाइमटेबल व्हॉट्सॲपवर, काढून घेणार कसा? ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियावर बंदी घातली, आपल्याकडेही घाला असं बरेच पालक म्हणतात, मला त्यात वाईट काही वाटत नाही. पण बंदी आली म्हणून पोरांच्या अंगातले बदल थांबणार नाहीत. निदान एवढं आजच करा, मुलाच्या अकाउंटवर जन्मसाल काय टाकलंय ते त्याच्याबरोबर बसून बघा. इन्स्टाग्राम १८ च्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट ठेवतं, पण वय खोटं टाकलेलं असेल तर त्याचा काय उपयोग?

माझी भाची मानसशास्त्र शिकते, तिनं मला स्वीडनच्या स्टॅटिन आणि केर यांच्या २००० सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. पालकांना मुलांबद्दल जे काही माहीत असतं ते मुख्यतः पाळत ठेवून नाही तर मुलं आपणहून सांगतात त्यातून आलेलं असतं, असं त्यात दिसलं. मला हे शंभर टक्के पटतं. आणि लैंगिक शिक्षण दिलं की पोरं बिघडतात हेही खरं नाही, उलट पहिला संबंध पुढे ढकलला जायला आणि कंडोम वापरला जायला त्याची मदत होते असं युनेस्कोनं जगभरचे अभ्यास बघून सांगितलंय. तरी २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबला. ज्या महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला मुलींसाठी आयुष्य वेचलं त्यांच्याच मुलानं, र. धों. कर्व्यांनी, १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. शंभर वर्षं झाली आणि आपण अजून पालकसभेत गप्प बसतो!

सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, माझ्याकडे येणाऱ्या एकाही पोराला त्याचं नाव माहीत नव्हतं. महापालिकेनं आणि आरोग्य खात्यानं त्याचे पत्ते आणि वेळा प्रत्येक शाळेच्या, प्रत्येक क्लासच्या नोटीस बोर्डवर लावाव्यात आणि शाळा-क्लास सुटल्यावर संध्याकाळीही ती चालू ठेवावीत. आणि आपल्या पेपरला कळकळीची विनंती, आठवड्यातून एकदा मुलांचे असे प्रश्न नाव न छापता घ्या आणि डॉक्टरांकडून त्यांची सरळ उत्तरं छापा, आईबापांच्या पानावर नाही, जिथे पोरं वाचतात त्या पानावर.

एक वाचक,
सिंहगड रोड, पुणे