शिस्तीसाठी हिटलर?

माननीय संपादक,
स. न.

शहरातल्या वाहतुकीच्या बेशिस्तीवर गेल्या आठवड्यात या सदरात एक पत्र आले होते. 'या लोकांना सरळ करायला हिटलरच हवा' असा त्याचा शेवट होता. पत्रलेखकाला दोष देत नाही. तीस वर्षे शाळेत काढली, शिक्षकांच्या खोलीत मीही हे वाक्य कितीदा टाकले असेल. मुले माझ्यामागे मला 'हिटलर' म्हणतात हे कळले तेव्हा, खरे सांगतो, जरा बरेच वाटले होते.

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे म्युनिकला गेलो होतो. तिथून लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवर डाखाऊ. स्टेशनाबाहेरून छळछावणीच्या स्मारकाला बस जाते, प्रवेश फुकट. फाटकावर 'श्रमाने मुक्ती मिळते' अशा अर्थाची लोखंडी जर्मन अक्षरे आहेत. (मूळ दार २०१४ साली चोरीला गेले आणि दोन वर्षांनी नॉर्वेत सापडले. चोरून काय करायचे होते, देव जाणे.) कैद्यांच्या ३४ बराकी पाडल्या आहेत, जमिनीवर फक्त त्यांचे चौथरे आखलेले दिसतात. दोन बराकी मात्र पुन्हा बांधल्या आहेत.

त्यातल्या एकीत लाकडी फळ्यांच्या मजली खाटांपुढे मी बराच वेळ उभा होतो. पेंढ्याच्या गादीवरची चादर रोज पहाटे काटकोनात, सुरकुतीविना बसवायची. जमीन चकचकीत हवी. जरा कमी पडले की मार. आणि समोरच्या मोठ्या इमारतीच्या छपरावर त्या काळी ठळक अक्षरांत लिहिले होते की स्वातंत्र्याकडे एकच वाट जाते आणि तिचे टप्पे असे: आज्ञाधारकपणा, कष्ट, प्रामाणिकपणा, व्यवस्थितपणा, स्वच्छता, निर्व्यसनीपणा, सत्य, त्याग, देशप्रेम. यातले बहुतेक शब्द मी स्वतः फळ्यावर सुविचार म्हणून लिहिले आहेत. त्या जागी ते वाचताना घशाला कोरड पडली.

ही छावणी मार्च १९३३मध्ये सुरू झाली, तेव्हा हिटलरला सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिले कैदी कोण? कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. म्हणजे सरकारविरुद्ध बोलणारे. ज्यू, रोमा (जिप्सी), पाद्री, समलिंगी यांची भर पुढे पडत गेली. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकी सैन्य पोचेपर्यंत इथे आणि हिच्या पोटछावण्यांत दोन लाखांवर माणसे कोंडली गेली. ४१ हजारांहून अधिक मेली.

दाहगृहात चार स्त्रियांच्या नावांची पाटी आहे. ब्रिटनसाठी फ्रान्समध्ये गुप्तपणे काम करणाऱ्या या चौघींना १३ सप्टेंबर १९४४ रोजी इथे मारले. त्यातली एक नूर इनायत खान, वय तीस. वडील बडोद्यात जन्मलेले गायक, घराणे टिपू सुलतानाचे. पॅरिसमध्ये ती वायरलेस चालवत असे. पकडल्यावर पळून जायचा प्रयत्न केला म्हणून तिला महिनोन्महिने साखळदंडात ठेवले होते. छपरावरच्या यादीतल्या पहिल्या विषयात तिला शून्य गुण पडले असते.

तेव्हा, सिग्नल मोडणाऱ्याला दंड जरूर करा. दुसऱ्यांदा मोडला तर परवाना काढून घ्या. गेल्या महिन्यात माझ्या स्कूटरलाही दंड झाला, निमूट भरला.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा