चिखलदऱ्याची कॉफी आणि सातबाऱ्यावरचे नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुके पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते, तेव्हा आमच्या झाडांवरची कॉफीची फळे हिरवी असतात. दिवाळीनंतर ती लाल होऊ लागतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा तोडणीचा काळ असतो. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून ज्या गावाची ओळख सांगितली जाते, तिथे येणारी बहुतेक माणसे कॉफीचे पिकलेले फळ न पाहताच परत जातात. ही चुकामूक थोडी तरी कमी व्हावी, म्हणून मी शेतावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि हिवाळ्यात येणाऱ्यांना तोडणीपासून भाजणीपर्यंतचे सारे काम दाखवू लागले.

या कामाला लागणारी फळे केवळ माझी नसतात. आजूबाजूच्या परसांत, मोठ्या झाडांच्या सावलीत जी चार-दहा झाडे असतात, त्यांची फळे शेजारच्या बायका माझ्याकडे आणून देतात. त्यांपैकी बऱ्याच जणी कोरकू आदिवासी आहेत. पूर्वी त्या फांदी ओरबाडून कच्ची-पिकी फळे एकत्र आणत असत आणि त्यामुळे कॉफीला तुरटपणा येत असे. निवडून तोडलेल्या लाल फळांना मी वेगळा, चढा भाव देऊ लागले, तेव्हा दोन हंगामांतच टोपल्यांचा रंग बदलला. सहा किलो पिकलेल्या फळांतून जेमतेम एक किलो वाळलेले बी निघते आणि भाजताना त्यातलेही दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन उडून जाते. त्यामुळे नुसती फळे विकणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते; साल काढणे, वाळवणे, भाजणे आणि पाहुण्यांना जेवू घालणे हे सारे गावातच झाले, तरच हे पीक कोणाला परवडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पाहुण्यांच्या ताटात शेजारणींची कुटकी आणि सावा ही भरडधान्येही खपतात, ही मला कॉफीइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणीची चौकशी करण्यासाठी मी एका कार्यालयात गेले असता, सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जही त्यांच्याच नावाने करा, असे मला सांगण्यात आले. सासऱ्यांचे वय झाले आहे आणि खोल्या, चूल, भाजणी, हिशेब यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नाही. त्यांची माझ्या कामाला पूर्ण संमती आहे, तरी कागदावर उद्योजक ते आणि मी त्यांच्या घरातली सून, एवढाच त्या उत्तराचा अर्थ होतो. उद्या कर्जासाठी बँकेत गेले, तर तिथेही हाच कागद पुढे येईल.

हा प्रश्न नवा नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड संख्येने बायका जमल्या होत्या, पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी बायकांच्या नावावर जमीन करून देण्याचे लक्ष्मीमुक्ती अभियान चालवले आणि पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक शासनाने १९९२ मध्ये काढले. मात्र त्याचा आधार पतीच्या नावावरील जमिनीपुरताच आहे. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली की सुनेला त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून पर्यटन आणि महसूल या दोन्ही विभागांना माझी विनंती आहे की, जी स्त्री केंद्र प्रत्यक्ष चालवते, तिचा अर्ज जमीनधारकाच्या लेखी संमतीपत्रावर तिच्याच नावाने स्वीकारावा आणि प्रमाणपत्रही तिच्याच नावाने द्यावे. शिवाय सलग मळा नसलेल्या, परसातल्या झाडांची फळे विकणाऱ्या बायकांचीही कुठेतरी उत्पादक म्हणून नोंद व्हावी. आंध्र प्रदेशातील अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या शेजारणींची नावे तर अजून एकाही यादीत नाहीत. यंदाची तोडणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरच्या आत, यासंबंधी लेखी खुलासा निघाला, तर या हंगामातच अर्ज करता येईल.

आपली,
एक कॉफी उत्पादक, चिखलदरा (जि. अमरावती)